पहिला ओरखडा

भूगावची जमीन विकल्यावर बहात्तर वर्षांच्या हैबतरावांनी हौसेनं लाल रंगाची, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली होती. आज सकाळी चक्कर मारून येताना, त्यांच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या सोसायटीच्या कमानीला ती घासली. डाव्या दारावर हातभर ओरखडा उमटला.

मुलगा कैलास तावातावानं अंगणात आला. "आबा, किल्ली द्या. वय झालं तुमचं. विकून टाकू गाडी."

"किल्ली न्हाई मिळायची," हैबतराव म्हणाले. "चाळीस वर्सं त्या वळणावरनं बैलगाडी न्हेली म्या. तवा तितं खांब नव्हता. हात सवयीनं वळला."

बोलले खरे, पण त्यांचं बोट दारावरच्या ओरखड्यावरून पुन्हा पुन्हा फिरत होतं. वर्षभर त्यांनी त्या रंगावर धूळ टिकू दिली नव्हती.

तेवढ्यात त्यांची बायको रत्नाबाई गोठ्यातून आल्या. वर्षभर हैबतरावांनी किती विनवण्या केल्या, तरी त्या या गाडीत बसल्या नव्हत्या. आज शेणानं भरलेल्या पायांनीच त्यांनी ते घासलेलं दार उघडलं आणि आत जाऊन ऐसपैस बसल्या.

"आई, अगं सीट खराब होईल!" कैलास ओरडला.

"हू दे. पैला डाग माझ्या हातनं पडाया नको, म्हून बसत नव्हते. आता पडलाय." त्या नवऱ्याकडं वळल्या. "बगताय काय? चला, किती पळतीया ती बगू."