तो सोमवार

कॉलेजचे संगणक सांभाळणाऱ्या शर्वाणीने सकाळी अपडेट केलं आणि कॉलेजचा निकालाचा प्रोग्राम बंद पडला. लिनक्समध्ये प्रोग्रामचे भाग तयार पॅकेजमधून आपोआप बसतात; त्याला बगल देऊन कुणीतरी एक भाग हाताने टाकला होता. अपडेटने त्याच भागाची नवी आवृत्ती आणली आणि दोघांची जुंपली. शर्वाणीचा डबा तसाच पडून होता.

“टिपणिसांचा घोळ!” प्राचार्य वैतागले. शर्वाणीचे वरिष्ठ टिपणीस सर निवृत्त झाल्यापासून प्रत्येक बिघाड त्यांच्याच नावावर जायचा. तीही तेच म्हणायची.

चार वाजता तिला हाताने टाकलेल्या त्या भागाचा फोल्डर सापडला. आत नोंद होती: “पॅकेज जुनं आहे, म्हणून हाताने टाकलंय. सोमवारी काढते. शर्वाणी.” तिच्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यातली. तो सोमवार सात वर्षांत आलाच नव्हता.

खाली दुसरी ओळ: “दर अपडेटला हे सांभाळून घेतो. पोरगी नवीन आहे. टिपणीस.”

“त्यांचाच ना?” प्राचार्यांनी विचारलं.

“घोळ माझा, सर,” ती म्हणाली. “ते निस्तरत होते.”