ओढ्याचं पाणी

क्वांग लेकीचं अक्षर कौतुकानं पाहत बसला होता. ल्येनला जन्मापासून दोन्ही हात नव्हते, पण पायाच्या बोटांत पेन धरून ती लिहायची, तसं वळणदार अक्षर गावात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. आज ती बापाचाच, जुन्या सैनिकांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा अर्ज भरत होती.

"बाबा, विमानांनी जंगलावर विष फवारलं तेव्हा तुम्ही कुठे होता?" तिनं पुढचा प्रश्न वाचला.

व्हिएतनामची लढाई संपून पंचवीस वर्षं झाली, तरी ही गोष्ट क्वांगनं बायकोलाही सांगितली नव्हती.

"तिथेच होतो, जंगलात. झाडांची पानं करपून गळाली. ओढ्यावर तेलकट तवंग आला. सोबतचे सैनिक नको नको म्हणत होते, पण मला दोन दिवस पाण्याचा थेंब मिळाला नव्हता. मी ओंजळी भरभरून प्यालो." त्यानं नजर खाली वळवली. "पोरी, तुझे हात त्या ओढ्यावर मीच पिऊन टाकले गं."

ल्येननं पेन खाली ठेवलं. "आणि प्याला नसता तर?"

"तर तिथेच मेलो असतो."

"मग मी कुठून आले असते? बरं झालं प्यालात."

ती सरकून त्याला बिलगली. इतकी वर्षं लेकीची नजर चुकवणारा क्वांग तिच्या खांद्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडला. ल्येननं त्याला मनसोक्त रडू दिलं.

मग हळूच म्हणाली, "सरकारला काय सांगायचं ते मी लिहिते. आईला मात्र तुम्हीच सांगायचं."