नमुन्याचं पाणी

वस्तीच्या नळाला गटाराचा वास येतो, हे सांगून सांगून सुनेच्या तोंडाला फेस आला होता. धाकट्या लेकीचं पोट महिनाभर ठिकाणावर नव्हतं. कचेरीत खेटे घालून चपला झिजल्या, तेव्हा कुठे तपासनीस नमुना न्यायला आला, तोही नेमका ती कामावर असताना. आज निकाल कळला. पाणी उत्तम, नव्या पाइपलाइनची गरज नाही!

तिनं तपासनीसाला कचेरीतच गाठलं. "उत्तम? मग एक पेला पिऊन दाखवा की, साहेब!"

"माझ्यावर कशाला डाफरता, ताई? गल्लीत ही घाण, म्हणून मी तोंडाशीच थांबलो. बाटलीत पाणी द्या म्हटलं, तर तुमच्या सासूबाईंनी भरून आणून दिली."

सून तरातरा घरी आली. "आई, त्या माणसाची बाटली तुम्ही नळाखालीच धरली होती ना?"

"नळाखाली? काहीतरीच काय!" सासूबाई दुखावल्याच. "तुरटी फिरवली, चार पदरी फडक्यातून गाळलं, खळखळून उकळलं, निववलं, मग भरलं. बिचारा तेवढा वेळ उन्हात उभा होता."

सून कपाळाला हात लावून मटकन खाली बसली. "अहो, पण कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? आपल्याला रोज एवढा गॅस जाळणं परवडत नाही, ते सोड. पण दारी आलेल्या माणसानं पाणी मागितलं, तर त्याला हे असलं द्यायचं? पाप लागेल की गं!"