मुका वाफा

यंत्र कानाला लावलं की तहानलेली झाडं टकटक करताना ऐकू यायची. सोलापूरच्या उद्यानविद्या महाविद्यालयात भर एप्रिलात वाफ्यांची परीक्षा चालू होती आणि बाकी मुलांच्या विलायती हिरवळींनी नुसता कल्ला मांडला होता. मैथिलीच्या तरवड-धायटीच्या देशी झुडपांनी मात्र चकार शब्द काढला नव्हता. पानं धुळीने अशी माखलेली, की जिवंत-मेलं कळेना. वर्षभर तिने पाचोळा अंथरून हॉस्टेलचं आंघोळीचं पाणी इथे मुरवलं होतं.

"सर, मेली वाटतं सगळी. नापास ना मी?"

दाणी सरांनी पाचोळा बाजूला सारला आणि तिचा हात मातीत खुपसला. माती गारेगार, ओली होती.

"अगं, तहानच नाही त्यांना. बोलतील कशाला?"