खिळ्यांच्या बुटांचं गिऱ्हाईक

"पुन्हा बांधा," गिऱ्हाईक म्हणालं. "टाचंत ढिला वाटायलाय का ते बघा."

आश्रुबानं स्वतःच्याच पायातल्या बुटाची नाडी पाचव्यांदा बांधली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजले होते. परभणीच्या स्टेशन रोडवरच्या या दुकानात तो वीस वर्षं लोकांच्या पायांत बूट घालत होता, पण असं गिऱ्हाईक त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

आणि यायचं तर आजच यायचं! आज त्याच्या घरी निरोप येणार होता. मुलगा काशीनाथ वर्षभरापूर्वी कृषी विद्यापीठाच्या शेतावर नोकरीला लागला होता. त्याच्यासाठी जिंतूरकडची एक मुलगी पाहिली होती. आश्रुबाची बायको बायनाबाई, तिचा भाऊ आणि काशीनाथ जाऊन आले. आश्रुबाला मालकानं सुट्टी दिली नाही. मुलगी सगळ्यांच्या मनात भरली. काशीनाथ तर तेव्हापासून जेवताना उगाचच हसत होता. मुलीकडचे आज होय की नाही ते कळवणार होते, आणि नाही आलं तर पोराचं तोंड कसं बघायचं, याच धास्तीनं आश्रुबा सकाळी चहासुद्धा अर्धाच प्याला होता.

बायनाबाईला मात्र दम नव्हता. नवरदेवाचे बूट मुलीकडचे घेतात. त्यांनी माप मागितलं तर धावपळ नको, म्हणून तिनं सकाळीच केरसुणीची एक काडी झोपलेल्या काशीनाथच्या तळव्याला लावून बरोबर तेवढी मोडली, लुगड्याचा हिरवा दोरा तिला बांधला आणि देवापुढं ठेवून दिली.

"अगं, अजून होकार कुठं हाय?" आश्रुबा म्हणाला होता.

"येईल की. आन् माप तरी काय, तुमचाच पाय हाय त्याचा. एका चपलंत दोघं हिंडता."

"कुठं हरवलात, भाऊ?" गिऱ्हाइकानं विचारलं. पन्नाशीचा, धोतर-पटक्यातला माणूस. दुकानातले सगळे बूट बघून झाल्यावर याची नजर नेमकी त्या जोडावर गेली होती. आग्र्याहून आलेल्या पार्सलात तो तीन वर्षांपूर्वी चुकून आला होता. पांढरं-तपकिरी कातडं, तळाला लोखंडी खिळे. खोक्यावर काठीनं चेंडू मारणाऱ्या साहेबाचं चित्र. गोल्फ की काय, त्या खेळाचे बूट. परभणीत काठी पुष्कळांकडं होती, पण त्या खेळाचा कुणी भेटला नव्हता.

"तुमच्या पायात घालून बघा ना, पावणं," आश्रुबा म्हणाला.

"माझ्यासाठी न्हाईत. माप हाय माझ्याकडं, ते शेवटी. आधी माल बघू द्या. तुमीच चालून दाखवा."

आश्रुबा चालला. मग दुकानाच्या पायऱ्या चढला, उतरला. मग गिऱ्हाइकानं त्याला एका पायावर उभं केलं. समोरच्या पानटपरीवर चार माणसं गोळा झाली.

"नळाखाली चिखल हाय, तिथं जाता का?"

आश्रुबा तिथंही गेला. काळ्या चिखलात खिळे असे रुतले की तो हलता हलेना. पानटपरीवाल्यानं टाळी वाजवली. आश्रुबालाही हसू आवरलं नाही. त्यानं चिखलातच एक गिरकी घेतली आणि साहेबासारखी हातातली नसलेली काठी फिरवली. आता तर सगळा रस्ताच हसायला लागला.

गल्ल्यावरून मालक व्यंकटरावांनी डोळा घातला. विकून टाक, असा त्याचा अर्थ होता. तीन वर्षांची धूळ आज दुकानाबाहेर जायची संधी होती.

"मंग? घेऊ का?" गिऱ्हाइकानं विचारलं. "खरं सांगा."

आश्रुबानं मालकाकडं पाहिलं, मग बुटांकडं.

"चिखलात यांच्यासारखा बूट न्हाई. पाय कुठंच दाबत न्हाई, टाच हलत न्हाई. पण फरशीवर घसरतात, पावणं. घरात, देवळात चालणार न्हाईत. ज्याला द्यायचेत त्याला आधी सांगा. पडला बिडला तर मला वाईट वाटंल."

व्यंकटरावांनी कपाळावर हात मारला.

"इतका येळ तरास दिला, राग न्हाई आला?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"आला की," आश्रुबा हसला. "घरी लय महत्त्वाचं काम हाय माझं. पण पाय दुसऱ्याचा, चालायचं त्यानं. घाई करून कसं भागंल?"

त्यानं बूट काढून त्यांचा चिखल पुसला. गिऱ्हाईक म्हणालं, "बांधा हेच. त्याला काळ्या रानातच हिंडायचं असतंय. फरशीसाठी दुसरा साधा जोड घेतो, तोबी तुमीच निवडा."

"पण माप? हा एकच जोड हाय. बसला न्हाई तर?"

"बसंल. तरी बघू."

गिऱ्हाइकानं पटक्याच्या घडीत हात घातला आणि केरसुणीची एक काडी काढली. उजव्या बुटात ती सरळ ठेवली. चवड्यापासून टाचेपर्यंत अगदी नेमकी बसली, ना वाकली ना उरली.

आश्रुबा काडी उचलायला वाकला आणि तसाच राहिला. काडीच्या टाचेकडच्या टोकाला हिरवा दोरा बांधलेला होता.