पोटातला ठेका

गाडीत गाण्याचा बेस घुमला की गायत्रीच्या पोटातलं बाळ हमखास लाथा मारायचं. आज सकाळपासून ते हललंच नव्हतं, आणि दवाखान्याच्या वाटेवर डिकीतला वूफरही मुका झाला. गाणं नुसतंच किणकिणत राहिलं.

पर्वत पाटियाच्या नाक्यावर गाडी कडेला घेऊन तिच्या नवऱ्याने, योगेंद्रने, डिकी उघडली. फ्यूज शाबूत, अर्थिंग घट्ट, ॲम्प्लिफायरचा दिवाही चालू. शेवटी त्याने वूफरची वायरच उपसून काढली.

"अहो, आला बेस!" पुढून गायत्री खुदखुदली. "गुदगुल्या होताहेत मला!"

"वायर तर माझ्या हातात आहे, येडे!"

धावत येऊन त्याने तिच्या पोटाला कान लावला. आत, गाण्याच्या ठेक्यावर, ढोलकी घुमत होती. त्याचे डोळे भरून आले. "नाचतंय गं लबाड!" म्हणत त्याने गाणं बंद केलं.

आतल्या ढोलकीने पुढचं कडवं धरलं.