वर्षभराची वर्गणी

मंगळवारचं पत्र सकाळी सातला गेलं आणि प्रूफरीडर घरातल्याच ऑफिसात येरझारा घालू लागला. नऊ वाजले तरी त्या एका वाचक बाईचं उत्तर नव्हतं.

“दादा, बस की एका जागी,” धाकटी बहीण लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली. “काल चाळीस नवे वर्गणीदार आलेत, आणि तू एकीसाठी जिवाला घोर लावून घेतोयस.”

बायको गेली तेव्हा त्याला साधा चहाही धड जमत नव्हता. पडत-झडत एकेक गोष्ट शिकला आणि लिहून ठेवत गेला. छापखान्यातली नोकरी सुटल्यावर तेच दर आठवड्याला ईमेलने पाठवू लागला. पत्राचं नाव ‘एकट्याचं घर’. रंग जाणारे कपडे वेगळे का भिजवायचे, संध्याकाळचे सहा ते आठ कसे काढायचे, असलं सगळं. बहिणीने हट्टाने वर्गणी लावली, आणि दोन वर्षांत पत्राचा असा जम बसला की तिनेही आपली नोकरी सोडली.

अलीकडे त्यात या बाईचा मोठा हात होता. चार महिन्यांपूर्वी तिचा पहिला मेल आला होता: ‘पहिल्या महिन्यात सगळ्यात जड काय गेलं?’ मग दर मंगळवारी एक प्रश्न. गेलेल्या माणसाचे कपडे लगेच काढावेत की राहू द्यावेत? जेवताना समोरच्या रिकाम्या खुर्चीचं काय करायचं? तो उत्तर लिही, तेच पुढचं पत्र होई आणि वाचक त्यावर तुटून पडत. आता तिचा मेल आला नाही की त्याला काही सुचत नसे.

“एकटी असणार बिचारी,” बहीण म्हणाली. “भेटून तर बघ.”

साडेनऊला मेल आला. ‘अकराला ऑफिसात येऊ का? वर्गणीचं बोलायचंय.’

त्याने पुन्हा दाढी केली. इस्त्रीचा शर्ट चढवला. बहीण गालातल्या गालात हसत “जरा बाहेर जाऊन येते” म्हणून सटकली.

ती आली तेव्हा दोन जिने चढून तिला चांगलाच दम लागला होता. पन्नाशीची, बारीक, हसऱ्या डोळ्यांची.

“बसा. चहा करतो. आता जमतो मला.”

“माहितेय. बारावं पत्र.”

तो लाजला. कप पुढे ठेवून त्याने धीर गोळा केला. “एक विचारू? माझं सगळं तुम्हाला ठाऊक आहे, तुमचं मला काहीच नाही. तुम्हाला एकटीला... किती दिवस झाले?”

तिने कप बाजूला सरकवला. पर्समधून एक चिठ्ठी काढली. सुवाच्य अक्षरात एक ईमेलचा पत्ता होता.

“या पत्त्यावर वर्षभराची वर्गणी भरायचीय. अगदी पहिल्या पत्रापासून पाठवा. दर मंगळवारी एकच, सगळी एकदम नकोत.”

“हे कोण?”

“माझे मिस्टर. चष्मा कुठे ठेवलाय तेही मलाच विचारतात.”

प्रूफरीडर गोंधळला. हातात काहीतरी हवं म्हणून त्याने वही ओढली. “मग... पुढच्या मंगळवारपासून सुरू करू?”

“एवढ्यात नको,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी तीन महिने दिलेत. तोवर मी आहे.”